पेनड्राइव्ह की ऑक्स केबल?

भाचीने ऑडॅसिटीत (आवाज कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअर) तबल्याचा ठेका कापून-जोडून तयार केलाय. आता तो डिजिटल पियानोवर वाजवायचा कसा, यावर गाडी अडलीये.

पेनड्राइव्ह घरात असतोच, खर्च शून्य; पण नखरे फार. बरेच पियानो फक्त ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट (हे आवाजाच्या नोंदीच्या बारकाईचे आकडे), स्टिरिओ वेव्ह (.wav) फाइल घेतात. मी एकदा २४ बिटची दिली, तर यादीत नावच दिसेना. अख्खी संध्याकाळ त्यात गेली. आणि चौकोनी यूएसबी पोर्ट संगणकासाठी असतो, पेनड्राइव्हसाठी नव्हे.

ऑक्स केबलला, म्हणजे लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून पियानोच्या ऑडिओ-इनमध्ये जाणाऱ्या तारेला, फॉरमॅटची कटकट नाही. लॅपटॉपवर वाजेल ते पियानोच्या स्पीकरमधून येतं. फक्त चार्जर लावल्यावर कधीकधी घूंऽऽ सुरू होतं, तेवढा काढायचा.

ठेक्यात रोज फेरफार चालू असतील तर केबलच. कार्यक्रमाला लॅपटॉप न्यायचा नसेल तर पेनड्राइव्ह, पण आदल्या दिवशी त्याच पियानोवर वाजवून बघ.