मागच्या पाट्यातला 'टक्' आवाज: पिकअपचं काम करून नऊ महिने झाल्यावरचा अनुभव

काम करून नऊ महिने झाले. त्यानंतर गाडी साधारण 24,000 किलोमीटर चालली आणि तो आवाज परत आलेला नाही, म्हणून आता लिहायला बसलोय. काम झाल्या झाल्या लिहायचा धीर झाला नाही. त्याआधी दोनदा मी घरी येऊन "गेला एकदाचा आवाज" म्हणालो होतो आणि दोन्ही वेळा काही दिवसांतच तो पुन्हा सुरू झाला होता.

गाडी दीड टनी पिकअप, 2019 ची. मागे मुळात पाच पाटे (एकावर एक रचलेल्या स्प्रिंगच्या वाकड्या पट्ट्या) होते. दोन वर्षांपूर्वी मी सहावा वाढवून घेतला. हा सहावा पाटा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. धंदा टोमॅटोचा. नारायणगावहून क्रेट भरायचे, आळेफाटा, ओतूर, माळशेज उतरून टोकावडे, मुरबाड, कल्याण आणि मग वाशी मार्केट. परतीला बहुतेक वेळा रिकामे क्रेट. म्हणजे एकाच रस्त्यावर गाडी जाताना टेकलेली आणि येताना उचललेली, दोन्ही तऱ्हेने चालते.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मागून आवाज यायला लागला. माझी पहिली चूक ही झाली की मी त्याला एकच आवाज समजलो. खरं तर ते दोन होते. एक करकर, जुन्या झोपाळ्याच्या कड्यांसारखी, स्पीडब्रेकरवर आणि खड्ड्यात. दुसरा 'टक्', एकदाच, लोखंडावर लोखंड बसल्यासारखा. मिस्त्रीला सांगताना मी "मागून आवाज येतोय" एवढंच सांगायचो. मग तो गाडी ढकलून, उड्या मारून बघायचा, करकर ऐकायचा आणि त्या करकरीचा इलाज करायचा.

पहिल्या गॅरेजमध्ये मागचे दोन्ही शॉकअप बदलले. जुने शॉकअप ऑइल गळत होते, तेव्हा ते बदलणं चुकीचं नव्हतं. गाडी खड्ड्यात कमी उसळायला लागली आणि आठवडाभर मला वाटलं की झालं. 'टक्' मात्र तिथेच होता.

दुसऱ्या गॅरेजमध्ये पाट्यांचे आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडणारा हलता दुवा) रबर बुश (बोल्टभोवतीच्या रबराच्या नळ्या) नवीन टाकले. याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण हे नुकसान टाळता येण्यासारखं होतं. गाडी जॅकवर होती, चाकं हवेत, पाटे लोंबकळलेले. त्याच अवस्थेत बुशचे बोल्ट पूर्ण आवळले. रबराचा बुश बोल्टवर गोल फिरत नाही. बाहेरून पाट्यात आणि आतून बोल्टला तो धरलेला असतो आणि पाटा हलला की रबर स्वतः पिळवटतं. पाटे लोंबकळत असताना आवळला, तर गाडी खाली ठेवल्याक्षणी त्याला पीळ बसतो, वर माल भरला की आणखी. माझे नवे बुश दोन महिन्यांत कडेने फाटले. बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-चार वेळा हलवून पाटे बसू द्यायचे आणि मग आवळायचं. यात वेळही जास्त जात नाही. त्याच गॅरेजने पाट्यांवर जळकं ऑइल मारून दिलं. करकर आठ दिवस गेली, मग त्या ऑइलवर धूळ बसून काळा थर झाला. नव्या रबरावरही ते ऑइल गेलंच, आणि अशा रबराला ऑइल-ग्रीस लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं.

खरा धागा हाती लागला तो पावसात. जुलैमध्ये माळशेजला धुक्यात गाडी चालवताना लक्षात आलं की करकर पूर्ण थांबलीये. पाटे भिजले होते, पाण्याने घर्षण कमी झालं होतं. पण वळणावर ब्रेक मारला की 'टक्'. पुन्हा क्लच सोडून ओढायला लागलो की 'टक्'. त्या दिवशी पहिल्यांदा तो आवाज मी एकटा, सुटा ऐकला. खड्ड्यात तो येत नव्हता. गाडीचा जोर पुढचा मागे किंवा मागचा पुढे झाला, तेव्हाच यायचा.

पाट्यांच्या गाडीत याला अर्थ आहे. पाटे नुसतं वजन पेलत नाहीत. चाकं जमिनीला जो रेटा देतात तो हाउसिंगमधून (मागच्या दोन चाकांमधला आडवा अॅक्सल) पाट्यात आणि पाट्यातून चेसीत जातो. ओढताना हाउसिंग पुढे ढकलतं, ब्रेकला मागे खेचतं. तेव्हा दिशा बदलताना आवाज येत असेल तर कुठेतरी पुढे-मागे खेळ आहे. जागा तीनच उरतात: प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (इंजिनचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचे सांधे), पाट्याचा पुढचा बुश, आणि पाटा हाउसिंगला जिथे बांधलेला असतो ती यू बोल्टची जागा.

क्रॉसचा संशय मी एका साध्या चाचणीने काढून टाकला. मोकळं सपाट मैदान, गाडी चालण्याच्या वेगात, न्यूट्रलमध्ये, आणि हॅंडब्रेक ओढला. माझ्या गाडीत हॅंडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. न्यूट्रलमध्ये शाफ्टवर इंजिनचा जोर नसतो, त्यामुळे क्रॉस वाजायला कारण नाही. तरीही 'टक्' आला. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा आला. (आजूबाजूला कोणी नसेल तिथेच हे करा आणि गाडी रिकामी ठेवा.)

मग घरातली लाल नेलपॉलिश घेतली. खडूची रेघ माळशेजच्या पावसात टिकली नसती. दोन्ही बाजूंना यू बोल्टच्या प्रत्येक नटावर आणि त्याखालच्या प्लेटवर मिळून एक-एक रेघ ओढली, आणि सगळ्यांत खालच्या पाट्यावरून हाउसिंगवरच्या बैठकीपर्यंत एक उभी रेघ. एक वाशीची फेरी मारून आलो आणि कंदील घेऊन खाली शिरलो. नटांवरच्या आठही रेघा जशाच्या तशा. एकही नट केसभर फिरला नव्हता. उजवीकडची उभी रेघही अखंड. डावीकडची तुटलेली होती. बैठकीवरचा लाल तुकडा आणि पाट्यावरचा लाल तुकडा यांच्यात काडेपेटीच्या काडीएवढा फरक पडला होता, आणि त्या फटीशी तांबडी पूड जमली होती. हळदीच्या डब्यात गेरू सांडावा तशी बारीक. बोटाला घासून बघितली, गंजाचीच होती.

इथे दोन्ही गॅरेजमधले मिस्त्री का फसले ते कळलं. त्या सगळ्यांनी यू बोल्टच्या नटाला पाना लावून बघितला होता आणि "घट्ट आहे" म्हणाले होते. त्यांचं खोटं नव्हतं, नट घट्टच होता, पण गंजाने. आट्यांवर गंज धरला की पाना हलत नाही, आणि आत पाटे मात्र सैल असतात. वापराने पाटे एकमेकांवर घासून झिजतात, मधला रंग आणि गंज चुरा होऊन निघून जातो, बोल्ट थोडा ताणला जातो. नट जागच्या जागी राहतो आणि पकड जाते.

ओतूरच्या पुढे रस्त्याला लागून एक पाटेवाले चाचा आहेत, फक्त पाट्यांचंच काम करतात. त्यांच्याकडे गेलो तर म्हणाले, "रिकामी गाडी घेऊन आलास? रिकामी गाडी काय सांगणार पोरा? माल भरून आण." दुसऱ्या दिवशी वाशीला जाताना भरलेली गाडी नेली. त्यांनी कुठेही पाना लावला नाही. सुतळी घेतली, पाट्याच्या पुढच्या बोल्टपासून हाउसिंगच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंना मोजली आणि सुतळीवर गाठी मारल्या. डावी गाठ अर्धा सेंटिमीटर मागे. "हाउसिंग सरकलंय. सेंटर बोल्ट गेला," एवढंच बोलले.

वाशीहून परत येऊन चाचांकडे उघडलं तेव्हा डावा सेंटर बोल्ट दोन तुकड्यांत निघाला. तुटलेला भाग ताजा, खरखरीत नव्हता, आरशासारखा घासला गेलेला होता. म्हणजे कित्येक महिने ते दोन तुकडे एकमेकांवर सरकत होते. सेंटर बोल्ट हा रेटा सोसायला नसतोच. तो पाट्यांची थप्पी एका रेषेत ठेवतो आणि त्याचं डोकं हाउसिंगवरच्या भोकात बसून जागा दाखवतं. रेटा सोसतात ते यू बोल्ट, पाट्यांना बैठकीवर दाबून. तो दाब सुटला की सगळा भार त्या छोट्या बोल्टवर येतो आणि तो कातरला जातो.

आणि पकड सुटायचं कारण म्हणजे माझा तो सहावा पाटा. वाढवून घेतला तेव्हा थप्पी जाड झाली, यू बोल्ट मात्र जुनेच परत वापरले. नटाला धरायला आटे पुरेसे उरले नव्हते. एकदा ताणून आवळलेला यू बोल्ट पुन्हा वापरू नये, आणि हजार-दीड हजार वाचवायला मी तेच होऊ दिलं. पाटा वाढवला म्हणून हाउसिंग, ब्रेक आणि टायर यांची ताकद वाढत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

चाचांनी सहावा पाटा काढला, दोन्ही बाजूंचे सेंटर बोल्ट आणि चारही यू बोल्ट नवीन टाकले, पाटे सुटे करून तारेच्या ब्रशने घासले, बुश पुन्हा बदलले. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळले. यू बोल्टचे नट तिरप्या जोड्यांनी, थोडे थोडे करत, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना). सामान आणि मजुरी मिळून पाच हजारांच्या आत. आधीच्या दोन गॅरेजमध्ये मिळून याच्या दुप्पट गेले होते.

नऊ महिन्यांत काय झालं ते सांगतो. पहिल्या 500 किलोमीटरनंतर यू बोल्ट पुन्हा आवळायला गेलो तेव्हा प्रत्येक नट जवळपास पाव फेरा गेला. नवीन काम बसताना एवढं होतंच, आणि बहुतेक लोक नेमकी हीच फेरी चुकवतात. 1,000 ला अगदी थोडा गेला. त्यानंतर दर 5,000 ला बघतो, अजून हललेला नाही. ब्रेकला गाडी आधी किंचित डावीकडे ओढायची, ती आता सरळ थांबते. मागचा डावा टायर कडेला झिजत होता, तेही थांबलं. रिकामी गाडी आधीपेक्षा मऊ चालते, पाटा कमी झाल्यामुळे. भरताना आता मोजून सत्तर क्रेट, वर एकही नाही. हे व्यापाऱ्याला आवडत नाही आणि त्यावरून दोनदा बोलाचाली झाली, पण मी मागे हटलो नाही.

करकर गेलेली नाही. जानेवारीपासून कोरड्या दिवसांत उजवीकडून येते, पाट्यांच्या टोकांशी. टोकांखाली प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवता येतात, चाचा बसवून देणार आहेत. त्यासाठी पाटे पुन्हा उघडावे लागतील आणि यू बोल्ट पुन्हा नवीन घ्यावे लागतील, म्हणून सीझन संपेपर्यंत थांबलोय. तोवर आठवड्यातून एकदा नुसत्या पाण्याने पाटे धुतो.

परवा पहिला मोठा पाऊस झाला आणि माळशेजला करकर आपोआप बंद झाली. दोन वळणं काच खाली करून गेलो. ब्रेक मारला, सोडला, पुन्हा ओढलं. मागून फक्त पाण्याचा आवाज होता. घरी येऊन खाली शिरलो, कामानंतर नव्याने ओढलेली डावी लाल रेघ बघितली. चिखल पुसल्यावर ती वरपासून खालपर्यंत सरळ होती.