‘कोर्टात चालणारे फोटो’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खोदकाम झालं आणि आमच्या भिंतीला तडे गेले. नागपूरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. त्यामुळे इथला बिल्डर हमखास म्हणतो, "हे तडे जुनेच आहेत, मातीमुळे पडलेत." अशा वेळी तडा कधी पडला हे दाखवणारे फोटो हाच आपला आधार असतो.

सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाबाहेर बाबांना एक फोटोग्राफर भेटला. "काकाजी, मोबाइलचे फोटो कोर्टात चालत नाहीत. मी सर्टिफिकेटसकट काढून देतो." हे साफ खोटं आहे. साडेआठ हजार रुपये घेऊन त्याने फोटो काढले आणि "आता बिनधास्त बुजवा" म्हणून गेला. पावसाळा तोंडावर होता, बाबांनी तडे सिमेंटने बुजवून घेतले.

पुढे वकीलबाई खिडकीखालच्या तड्याच्या प्रिंटवर अडल्या. त्या तड्यात रुपयाचं नाणं जेमतेम उभं शिरायचं. प्रिंटमध्ये तो बोटभर रुंद दिसत होता आणि बाजूच्या स्विचबोर्डाची सावलीही डांबरासारखी काळी झाली होती. नुकसान मोठं दिसावं म्हणून त्याने फोटो एडिट केले होते. कोपऱ्यातली तारीखही नंतर टाकलेली. असा एक फोटो उघडा पडला की समोरचा वकील खऱ्या फोटोंनाही बनावट म्हणतो. मूळ फाइल मागितल्या तर म्हणे कार्ड फॉर्मॅट झालं. मग म्हणाला, आणखी पैसे द्या, शोधून बघतो. आता फोनच उचलत नाही.

सर्टिफिकेट तर जुन्या कायद्याच्या कलम 65-ब चं निघालं. 1 जुलै 2024 पासून पुराव्यांचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम, लागू आहे आणि आमचा दावा त्यानंतरचा. आता प्रमाणपत्र कलम 63 प्रमाणे लागतं. त्याच्या नमुन्यात दोन भाग आहेत, एक फोटो देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदलली तर बदलणारी, तिच्या ठशासारखी आकडे-अक्षरांची ओळ) लिहावी लागते. या कागदावर कॅमेऱ्याचं नावसुद्धा नव्हतं, नुसता गोल शिक्का!

म्हणून कळकळीने सांगते, फोटो स्वतःच्या मोबाइलने काढा. आधी लांबून अख्खी भिंत, मग जवळून, तड्याशेजारी मोजपट्टी धरून. मूळ फाइलला हात लावू नका. व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकाराने लहान केला जातो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती निघून जाते, तेव्हा वकिलांनाही मूळ फाइलच द्या. दुरुस्ती करण्याआधी वकिलांना कोर्ट कमिशनरबद्दल विचारा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26, नियम 9 खाली कोर्ट जागेची पाहणी करायला माणूस नेमू शकतं. आमच्याकडे पाहायला आता नुसता गिलावा उरलाय.

बहिणीच्या मोबाइलमध्ये तडे पडले तेव्हाचे काही फोटो जसेच्या तसे सापडले, त्यांच्यावरच आता दावा उभा आहे. फोटोग्राफरविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली आहे. तो अजूनही कोर्टाबाहेर म्हाताऱ्या माणसांना गाठतो. आणखी कोणाला फसवलं असेल तर त्यांनीही पावतीसह तक्रार द्या.