पन्हळी पत्र्याचा उंच वाफा: आठ महिने वापरून झाल्यावर

वापर असा: २.४ मीटर लांब, १.२ मीटर रुंद, ३० सेंटिमीटर उंच असे तीन वाफे. पत्रा पन्हळी, वर जस्त-ॲल्युमिनियमचा मुलामा, बूड उघडं, खाली जमीन. आठ महिन्यांत दोन लागवडी. पहिलीत टोमॅटो, मिरची, घेवडा आणि थोड्या पालेभाज्या. दुसरीत गाजर, मुळा, कोबी, पालक.

पत्र्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तो उभा आहे, गंजलेला नाही, फुगलेला नाही. आठ महिन्यांतल्या जवळपास सगळ्या तक्रारी आत भरलेल्या मातीच्या आणि पाण्याच्या आहेत. विकत घेताना मात्र सगळी चर्चा पत्र्याच्या जाडीवर आणि रंगावर होते.

जोडणीचं काम दोघांनी केलं तर तासाभराचं. पत्र्यावरची संरक्षक प्लॅस्टिकची पातळ फिल्म जोडण्याआधीच सोलून काढावी; नंतर ती बोल्टखाली अडकते आणि तुकड्यातुकड्यांनी निघते. सगळे बोल्ट आधी हाताने, सैलसर लावायचे. मग दोन्ही कर्ण मोजायचे. २.४ बाय १.२ च्या चौकटीचा कर्ण २६८ सेंटिमीटर येतो. दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात आहे असं समजून पाना फिरवायचा. उलट केलं तर शेवटच्या कोपऱ्याची भोकं जुळत नाहीत. लांब बाजूंना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या माती भरण्याआधी लावायलाच हव्यात. ओली माती बाहेर रेटा देते, आणि एकदा पोट सुटलं की माती उपसल्याशिवाय पत्रा सरळ होत नाही. वरच्या कडेची रबरी पट्टी सजावटीची वाटते, पण कापलेल्या पत्र्याची धार मनगटाला लागते, म्हणून ती हवीच.

पाणसळ (सपाटी तपासायची पट्टी) लावून पाहणं बहुतेक जण टाळतात. वाफा एका टोकाला दोन-तीन सेंटिमीटर जरी कलला, तरी उताराकडचं टोक कायम चिखलात आणि वरचं टोक कोरडं राहतं. चौकट ठेवण्याआधीच जमीन सारखी करून घ्यावी.

१.२ मीटर रुंदी दोन्ही बाजूंनी हात पोचत असेल तरच ठीक. भिंतीलगत ठेवायचा असेल तर ६० ते ७५ सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नये. मधली भाजी काढायला वाफ्यात पाय ठेवावा लागला, तर उंच वाफ्याचा मुख्य फायदाच गेला. कारण न तुडवलेली, भुसभुशीत माती हाच तो फायदा.

आता माती. २.४ × १.२ × ०.३ म्हणजे ०.८६४ घनमीटर, म्हणजे ८६४ लिटर. पिशव्यांवर ५० लिटर लिहिलेलं असेल तर हिशेबाने अठरा पिशव्या, आणि खरं म्हणजे वीस, कारण भरलेलं मिश्रण बसतं. काठोकाठ भरलेल्या वाफ्यांत आठ महिन्यांनंतर माती काठापासून चार ते सहा सेंटिमीटर खाली आहे. यात दोष कुणाचा नाही. कंपोस्ट कुजत राहतं आणि मधल्या पोकळ्या मिटतात. कंपोस्टचं प्रमाण जितकं जास्त, तितकी घट जास्त. म्हणून ‘शुद्ध कंपोस्टचा वाफा’ हा सल्ला ऐकू नये: तो पहिल्या महिन्यात छान दिसतो, नंतर खचतो, एकदा वाळला की पाणी धरत नाही, आणि स्फुरद (फॉस्फरस) व क्षार गरजेपेक्षा जास्त साठतात.

चाललेलं मिश्रण घनफळाने असं: चांगली पोयटा माती (वाळू, गाळ आणि चिकणमाती तिन्ही असलेली) सहा भाग, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट तीन भाग, भिजवून धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग. कोकोपीट न धुता वापरलं तर त्यातले क्षार कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा जाळतात. मातीचा पोत बरणीत तपासता येतो. पारदर्शक बरणीत एकतृतीयांश माती, वर पाणी, जोरात हलवून ठेवायची. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ दोन-तीन तासांत, आणि चिकणमाती दिवसभर किंवा जास्त वेळ पाणी गढूळ ठेवते. चिकणमातीचा थर अर्ध्याच्या पुढे गेला तर ती माती भरायला घेऊ नये. त्यात थोडी बारीक वाळू घालून ‘हलकी’ करण्याचा प्रयत्न तर मुळीच नको. मिश्रण विटेसारखं घट्ट होतं.

कंपोस्ट कुजलं आहे का, याची साधी परीक्षा: मूठभर ओलसर कंपोस्ट पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस किंवा नाकात झोंबणारा वास आला तर ते अजून कच्चं आहे. जनावरांच्या शेणखताच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. चाऱ्यावर काही विशिष्ट तणनाशकं फवारलेली असली तर ती शेणातूनही टिकून येतात. कुंडीत ते खत मातीत मिसळून घेवड्याच्या बिया टाकाव्यात आणि तीन आठवडे पाहावं. नवी पानं वाटीसारखी वळली किंवा नेच्यासारखी आकसली, तर ते खत वाफ्यात जाऊ देऊ नये. ही परीक्षा कंटाळवाणी आहे, पण ८६४ लिटर माती उपसण्यापेक्षा सोपी आहे.

तिसऱ्या वाफ्यात तळाला दहा सेंटिमीटर काटक्या आणि सुका पाला घातला होता, माती वाचावी म्हणून. सगळ्यात जास्त तोच खचला आणि मिरची तिथेच फिकी राहिली. लाकूड कुजवणारे सूक्ष्मजीव आजूबाजूचा नत्र (नायट्रोजन) ओढून घेतात. साठ सेंटिमीटर किंवा जास्त उंच वाफ्यात खालच्या तिसऱ्या हिश्श्यात जुनी लाकडं टाकणं चालतं, कारण मुळं वरच्या मातीत राहतात. तीस सेंटिमीटरच्या वाफ्यात तेवढी जागाच नाही. खडीचा थरही नको. बारीक मातीतलं पाणी तळ पूर्ण संपृक्त होईपर्यंत खडीत उतरत नाही, म्हणजे निचरा सुधारण्याऐवजी मुळांच्या जागेत पाणी साचून राहतं. त्याऐवजी खालची जमीन खणायच्या दाताळ्या काट्याने वीसेक सेंटिमीटर सैल करून वर थेट माती भरावी. पुठ्ठा अंथरायचा तर चिकटपट्ट्या काढून आणि कडा एकमेकांवर चढवून. साधं तण त्याने दबतं. हरळी आणि लव्हाळा दबत नाहीत. ती मुळं-गाठींसह आधीच खणून काढावी लागतात, नाहीतर दीड महिन्यात वाफ्याच्या मधोमध वर येतात.

गच्चीवर ठेवू पाहणाऱ्यांसाठी एकच हिशेब. ओली माती लिटरला साधारण दीड किलो धरली तर भरलेला वाफा १,३०० किलोच्या आसपास जातो, म्हणजे चौरस मीटरला ४५० किलो. स्थापत्य अभियंत्याला विचारल्याशिवाय हे करू नये.

पाण्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त दुरुस्त्या लागल्या. १६ मिलिमीटरच्या नळीत ३० सेंटिमीटरवर ताशी दोन लिटरचे ड्रिपर (थेंबाथेंबाने पाणी सोडणाऱ्या तोट्या) असलेल्या चार ओळी, कडेपासून १५ सेंटिमीटर सोडून, ३० सेंटिमीटर अंतराने. एका वाफ्यात ३२ ड्रिपर, म्हणजे तासाला ६४ लिटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळी दिवसात पाचेक मिलिमीटर लागतात असं धरलं तर २.८८ चौरस मीटरला सुमारे साडेचौदा लिटर, म्हणजे चौदा मिनिटं. हा सुरुवातीचा आकडा. पाच सेंटिमीटर खोल बोट घालून वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही अशी स्थिती) बघायचा आणि वेळ कमी-जास्त करायची. ड्रिपरच्या आधी गाळणी हवी आणि ती दर पंधरवड्याला धुवायची. चार ड्रिपर बुजले तर ते रोपं सुकल्यावरच कळतं.

पत्र्यालगतची माती सगळ्यात आधी वाळते. उन्हात पत्रा तापतो, कडेची माती आकसते, पत्रा आणि माती यांच्यात फट पडते आणि मग पाणी त्या फटीतूनच सरळ खाली जातं. वर ओलं, तळाशी ओलं, मधला गड्डा कोरडा. फट बोटांनी दाबून बुजवायची आणि पाणी तुकड्यांत द्यायचं: पाच मिनिटं, अर्धा तास थांबून पुन्हा पाच. कोपऱ्यात मुंग्यांचं वारूळ दिसलं तर तिथं पाणी पोचत नाही असं खुशाल समजावं. त्याच मुंग्या पुढे मिरचीवर मावा राखत बसतात. रोपं दहा सेंटिमीटरची झाली की पाच ते सात सेंटिमीटर सुक्या पाल्याचं आच्छादन, खोडापासून चार बोटं लांब. आच्छादनानंतर फट पडणं जवळपास थांबलं.

टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग आला तो याच पाण्याच्या अनियमितपणामुळे. मातीत बहुधा कॅल्शियम असतं, पण कोरडं-ओलं होत राहिलं की ते फळापर्यंत पोचत नाही. अंड्याची टरफलं पुरून या हंगामात काही होत नाही. ती विरघळायला फार वेळ लागतो. पाणी सारखं केल्यावर नंतरची फळं स्वच्छ आली.

दुसऱ्या महिन्यात खालची पानं पिवळी पडायला लागली की तो बहुतेक नत्राचा तुटवडा असतो. लागवडीनंतर तीस आणि साठ दिवसांनी चौरस मीटरला एक किलो गांडूळखत वरच्या मातीत हलकं मिसळून पाणी दिलं. पालेभाज्यांना तेवढं पुरतं. टोमॅटोला फुलोऱ्यानंतर नत्र वाढवला तर झाड नुसतं माजतं आणि फळ लांबतं.

पिकांपैकी मुळा आणि पालक इथे सरळ जमिनीपेक्षा चांगले. गाजर छान, पण दोन अटी आहेत: खडे आणि ताजं शेणखत नको, नाहीतर गाजराला फाटे फुटतात, आणि उगवण होईपर्यंत वरचा थर वाळता कामा नये. उगवणीला दहा ते वीस दिवस लागतात आणि उंच वाफ्याचा वरचा थर दुपारपर्यंत कोरडा होतो. ओलं गोणपाट अंथरायचं आणि पहिले कोंब दिसताच त्याच दिवशी काढायचं. भोपळा आणि मका या वाफ्यात लावणं म्हणजे महागाची माती वाया घालवणं.

टोमॅटोच्या काठ्या ही शेवटची, पण चुकू नये अशी गोष्ट. तीस सेंटिमीटर सैल मातीत रोवलेली काठी फळांच्या ओझ्याने वाऱ्यात आडवी होते, मुळं उखडते. काठी वाफ्याखालच्या जमिनीत आणखी निदान वीस-पंचवीस सेंटिमीटर गेली पाहिजे, आणि तीही रोप लावण्याआधी. उत्तर गोलार्धात ही ओळ वाफ्याच्या उत्तरेकडच्या कडेला घ्यावी, म्हणजे दक्षिणेकडच्या पालकावर सावली पडत नाही. गोगलगायी वरच्या वळवलेल्या कडेखाली आणि पन्हळींच्या खाचांत दिवसभर लपतात. अंधार पडल्यावर विजेरी घेऊन कडेवरून हात फिरवला की बहुतेक तिथेच सापडतात.