व्हीएसटी अँड कंपनी: शब्द कळत नाहीत पण पाय थांबत नाहीत
म्हापशात आमच्याकडे बरेच जण बोटीवर कामाला, फिलिपिनो दोस्तांकडून गाणी आणतातच, त्यातलं व्हीएसटी अँड कंपनी या फिलिपिनो डिस्को बँडचं कलेक्शन आता निवांत ऐकलं. १९७८ चा माल, मनिला साउंडचा (म्हणजे तिथल्या सत्तरच्या दशकातल्या पॉप संगीताचा) जमाना. 'अवितिन मो अ‍ॅट इसासायाव को'चा बेस म्हणजे काय सांगू, आणि वर ते उंच पट्टीतले एकत्र आवाज, अगदी बी जीज या डिस्को बँडची स्टाइल! यातला व्हिक सोत्तो पुढे कॉमेडी स्टार झाला आणि भाऊ तितो तर चक्क फिलिपिन्सच्या सिनेटचा अध्यक्ष (आपल्याकडे पण करा असं कोणीतरी). 'इपागपातावाद मो' मात्र हळवं, रात्री ऐका. सलग ऐकलं की डिस्को गाणी थोडी एकसारखी वाटतात. चतुर्थीला घुमट (मातीचं तालवाद्य) आरत्या आटपल्यावर लावलं तर आजीनेपण ठेका धरला. साडेचार स्टार.