लोहाराचा सुरा घ्यावा की शोकेसमधला हंटिंग नाइफ?

हातानं घडवलेला सुरा हवा असेल तर खान्देशात दोन वाटा आहेत. रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या गाडीलोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्याचा घडवून घ्या, नाहीतर नावाजलेल्या कारागिराचा डी-टू (हत्यारांसाठीचं कडक पोलाद) किंवा स्टेनलेसचा मागवा. शिकारीला कायद्यानं बंदी आहे, ती असायलाच हवी. मग सुऱ्याला काम उरतं ते बोकड सोलायचं, शेतातलं आणि सातपुड्यातल्या मुक्कामातलं.

वापरायचा असेल तर लोहाराचाच, असं माझं मत. कमानपाट्यात कार्बन साधारण अर्धा-पाऊण टक्का. हे पोलाद हिसके खाण्यासाठीच बनलेलं, म्हणून सांध्यात पातं पिळलं तरी सहसा टवका उडत नाही, आणि घरच्या सहाणेवर धार परत येते. डी-टूमध्ये कार्बन दीड टक्का आणि क्रोमियम बाराच्या आसपास. धार कितीतरी जास्त टिकते, पण एकदा गेली की साध्या दगडाला दाद देत नाही, हिऱ्याची पूड बसवलेली डायमंड प्लेट लागते. शिवाय तो पूर्ण स्टेनलेसही नाही, कारण बरंचसं क्रोमियम कार्बनला बांधलेलं असतं. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत वापरलात तर कमानपाट्याचं पातं चिकानं काळं पडेल, त्याला गंज समजू नका. पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. गोडेतेल नको, ते चिकट होऊन बसतं.

लोहाराकडे खरी मेख पाणी पाजण्यात, म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक करण्यात असते. लालभडक पातं थेट गार पाण्यात घातलं तर बारीक चीर जाऊ शकते. त्याला सांगा, पातं लोहचुंबकाला चिकटेनासं झालं की आणखी जरा तापवून कोमट तेलात बुडव. तेवढ्यावरही काम संपत नाही. असं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, जास्त कडक म्हणजे ‘तुटी जाई’. ते घरच्या ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन-दोन तास, दोनदा ठेवा. घासून पांढरं केलेल्या जागी वाळल्या गवताचा पिवळा रंग चढला की जमलं. मग धार लावून पितळी सळईवर हलकी दाबून ओढा. धार किंचित वाकून सरळ झाली तर पाणी बरोबर, वाकलेलीच राहिली तर मऊ, टवका उडाला तर फार कडक.

संग्रहासाठी मात्र नियम उलटे. तिथे सफाई आणि कारागिराचं नाव यांना किंमत. अमेरिकेतले सुऱ्यांचे कारागीर बॉब लव्हलेस (1929–2010) यांनी लोकप्रिय केलेला ड्रॉप पॉइंट घाट आज जगभर नकलला जातो. पाठ टोकाकडे हळूच उतरते, त्यामुळे सोलताना टोक आतड्यात घुसत नाही. पातं उजेडाकडे धरून बघा: दोन्ही बाजूंच्या घासणीच्या रेषा मुठीपाशी एकाच जागी थांबतात का? मूठ आणि पात्यामध्ये उजेडाची फट दिसते का? दिसली तर पैसे खिशातच ठेवा.

तिसरी वाट म्हणजे ऑनलाइन मिळणारा स्वस्त ‘दमास्कस’, म्हणजे थरांच्या नक्षीचं पातं असलेला सुरा. तिकडे फिरकूच नका. खऱ्यात दोन पोलादांचे थर असतात आणि ॲसिडमध्ये निकेलवाला थर चमकता राहतो. नकली पात्यावर नक्षी नुसती वरवर काढलेली असते, पाठीवर आणि धारेच्या कडेला ती सापडत नाही. नक्षी खरी असली तरी आत कुठलं पोलाद आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. सांबरशिंगाची मूठ कितीही देखणी वाटो, वन्यजीव कायद्याच्या भानगडीत पडू नका.

पातं साडेतीन ते पाच इंच पुरे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद झालं की शस्त्र कायद्याचा प्रश्न येतो. लहान सुरासुद्धा जळगाव-धुळ्याच्या बाजारात कमरेला लावून हिंडू नका. सणासुदीला जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा पोलीस इंच मोजत बसत नाहीत.

मुठीला अंजनाचं लाकूड मिळालं तर सोनं. सातपुड्यातलंच, दगडासारखं कठीण. पण चांगलं वाळलेलं बघून घ्या आणि मूठ शक्यतो उन्हाळ्यात बसवा. पावसाळ्यात बसवलेली मूठ भुसावळच्या मे महिन्यात आकसते, रिव्हेट वर येतात आणि तळहाताला टोचतात.