तिशियनच्या 'बॅकस आणि ॲरिआड्नी'ची प्रिंट: तारेच कापलेत

मुलीने वाढदिवसाला ऑनलाइन मागवून दिलेली ही फ्रेम मी परत पाठवली. कागद जाड, लाकूड चांगलं, काचेला ओरखडासुद्धा नाही. पण मूळ चित्र मी पाहिलंय, त्यामुळे ही भिंतीवर लावायला मन धजेना.

लंडनला मुलीकडे गेले होते तेव्हा ट्रफाल्गर चौकातल्या नॅशनल गॅलरीत फक्त या एका चित्रासाठी तीनदा गेले. तिकीट लागत नाही. जवळजवळ पावणेसहा फूट उंच, सव्वासहा फूट रुंद. इटलीतल्या फेराराच्या अल्फोन्सो देस्ते या ड्यूकच्या खासगी दालनासाठी व्हेनिसच्या तिशियन या चित्रकाराने ते १५२० ते १५२३ या काळात रंगवलं.

गोष्ट ग्रीक पुराणातली: प्रियकर थिसियस राजकन्या ॲरिआड्नीला नॅक्सॉस बेटावर टाकून निघून गेलाय. डावीकडे समुद्रावर त्याचं गलबत आहे, नखाएवढं. तिचा हात अजून त्या गलबताच्या दिशेला आहे आणि मान मात्र वळलीय. कारण रथातून बॅकसने, म्हणजे मद्याच्या देवाने, उडी घेतलीय, गुलाबी वस्त्र मागे फडफडतंय, अजून तो जमिनीला टेकलेला नाही. त्याचा रथ ओढतात दोन चित्ते, आणि ते एकमेकांकडे बघताहेत. मी कोल्हापूरची. संस्थानच्या शिकारी चित्त्यांच्या गोष्टी आजोबांकडून ऐकत वाढले, त्यामुळे त्या दोघांपाशी माझा पाय निघेना.

आणि वर, डाव्या कोपऱ्यात, भर दिवसाच्या आकाशात ताऱ्यांचं कडं. बॅकसने तिचा मुकुट आकाशात नेऊन ठेवला, तोच उत्तर मुकुट तारकासमूह. खाली सोडून गेलेलं गलबत, वर कायमचा मुकुट. ॲरिआड्नीची सगळी गोष्ट या दोन टोकांमध्ये आहे.

विक्रेत्याने चित्र २४ बाय १८ इंचांच्या ठरावीक फ्रेममध्ये बसवायला वरची पट्टी कापली. तारे गेले. गलबत तेवढं राहिलं. म्हणजे माझ्या घरात ती कायम टाकून दिलेलीच राहणार! तक्रार केली तर उत्तर आलं, 'स्टँडर्ड साइज आहे.' पैसे मात्र चार दिवसांत परत दिले, ते सांगायला हवं.

रंगाचंही बोलते, कारण एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलीय. मूळ निळा लाजवर्दाचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून व्हेनिसपर्यंत आलेल्या दगडाचा. समोर उभं राहिलं की तो थंड आणि स्वच्छ दिसतो, आणि ॲरिआड्नीचा लाल शेला त्यावर पेटल्यासारखा. प्रिंटमध्ये आकाश जांभळट झालंय आणि शेला विटकरी.

मागवणार असाल तर तयार माप घेऊ नका. रुंदी २४ इंच असेल तर उंची २२ इंचांच्या किंचित वर हवी. पैसे भरण्याआधी पूर्ण नमुना मागवा आणि डावा वरचा कोपरा मोठा करून बघा.