नऊ महिन्यांनंतर: लायसनचं ऑनलाइन नूतनीकरण आणि ‘रेकॉर्ड सापडले’ म्हणणाऱ्या खोट्या साइट्स

माझं लायसन एप्रिल 2025 मध्ये संपत होतं. 2005 साली साताऱ्यात काढलेलं, तेव्हाच्या नियमाने वीस वर्षांचं. नूतनीकरण घरबसल्या केलं. आता जानेवारी 2026 चालू आहे आणि मधल्या काळात त्याच ‘सारथी’ पोर्टलवर, म्हणजे परिवहन खात्याच्या लायसनच्या सरकारी साइटवर, अण्णांचं, आमच्या मामांचं आणि रोपवाटिकेच्या गाडीवर येणाऱ्या ड्रायव्हरदादांचं काम केलं. लायसनसारखी कागदपत्रं फोनवर दाखवायची डिजिलॉकर आणि एमपरिवहन ही दोन्ही सरकारी ॲप्सही रोज फोनमध्ये आहेत. एकदाच वापरून ‘छान आहे’ म्हणण्यात अर्थ नव्हता, म्हणून एवढे महिने थांबून लिहिते आहे.

आधी माझ्या स्वतःच्या कामाबद्दल. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो, हे मला माहीतच नव्हतं. मी मार्चमध्ये बसले, तेही मैत्रीण बोलली म्हणून. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस गाडी चालवायची सवलत असायची, ती मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत गेली. म्हणजे तारीख उलटली की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विनालायसन. त्याच कायद्याच्या कलम 181 खाली दंड 5000 रुपये. संपल्यानंतरही एक वर्षापर्यंत अर्ज करता येतो, पण ते वर्ष ओलांडलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

पहिलीच अडचण नंबरची. माझ्या जुन्या कागदी लायसनवर नंबर तिरप्या रेघा मारून लिहिलेला होता, वर्ष नुसतं ‘05’. तसाच टाकला तर नोंद दिसेना. मला वाटलं, वीस वर्षांपूर्वीचं दप्तर, कुठे गहाळ झालं असणार. मग कळलं की पोर्टलला नंबर ठरलेल्या साच्यात लागतो: एमएच, कार्यालयाचा क्रमांक, वर्षाचे चारही आकडे, आणि शेवटचा क्रमांक सात आकडी होईपर्यंत त्याच्या आधी शून्यं. तसं टाकल्यावर लगेच नोंद आली. ज्यांची याउपरही येत नाही, त्यांचं लायसन खोटं आहे असं मुळीच नाही. जुन्या पुस्तकी लायसनची नोंद संगणकावर चढलेलीच नसते. ती ‘बॅकलॉग’ नोंद कार्यालयाकडून करून घ्यावी लागते. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण खोट्या साइट्सचा सगळा धंदा याच घाबरलेल्या क्षणावर चालतो.

माझं वय एक्केचाळीस, म्हणून फॉर्म 1ए, म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागलं. चाळिशीच्या आतल्यांना स्वतःची घोषणा पुरते. पहिल्या ठिकाणी गेले तिथे माणसाने माझ्याकडे वर मान करून न बघता ‘पाचशे द्या, होऊन जाईल’ सांगितलं. मी उठून आले. आमच्या नेहमीच्या एमबीबीएस डॉक्टरांनी डोळे तपासले, रंग ओळखायला लावले, हात-पाय हलवून बघितले. डाव्या डोळ्याचा नंबर वाढलाय हे मला त्याच दिवशी कळलं. रात्री समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या मला उशिरा दिसायच्या, त्याचं कारण तिथे सापडलं. चष्मा बदलला. हे प्रमाणपत्र कुणी विकत घेऊ नका, अगदी कळकळीने सांगते.

बाकीचं काम आधारच्या ओटीपीवर झालं. फोटो आणि पत्ता आधारवरून आपोआप आला. शुल्क नूतनीकरणाचं 200, स्मार्ट कार्डाचं 200 आणि टपालाचे वरचे थोडे. पैसे भरताना माझ्या बँकेच्या बाजूने व्यवहार अडकला: खात्यातून रक्कम गेली, पावती नाही. अशा वेळी दुसऱ्यांदा पैसे भरायची घाई करू नका. पोर्टलवरच पेमेंटची स्थिती पडताळायचा पर्याय आहे. अर्ज क्रमांक टाकून दुसऱ्या दिवशी तपासलं, तेव्हा जमा दिसलं. कार्ड स्पीड पोस्टने आलं. पोस्टमन आला तेव्हा मी रोपवाटिकेत होते, घराला कुलूप, म्हणून पोस्टात जाऊन आणावं लागलं. नवीन मुदत 2035 पर्यंत. तीस ते पन्नास वयात नूतनीकरण केलं की दहा वर्षं मिळतात.

डिजिलॉकरमध्ये एक गोष्ट नीट समजून घ्या. लायसनचा फोटो काढून तिथे स्वतः चढवला तर ते नुसतं चित्र. ‘इश्यूड’ विभागात परिवहन खात्याकडून ओढून घेतलेलं लायसनच खरं धरलं जातं, आणि 2018 पासून ते रस्त्यावर दाखवायला चालतं. नूतनीकरणानंतर तिथली प्रत ताजी करून घ्या. मी विसरले होते आणि जूनमध्ये नाकाबंदीत जुनी तारीख उघडली. पर्समध्ये कार्ड होतं म्हणून निभावलं.

अण्णांचं काम सोपं होतं. पंचावन्नच्या पुढे दर पाच वर्षांनी, त्यामुळे नोंद आधीपासून व्यवस्थित होती.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते.

नोव्हेंबरमध्ये आमच्या छोट्या हत्तीवर ड्रायव्हर हवा होता. ओळखीतून एक दादा आले, वय पन्नास, हात स्वच्छ, गाडीची माहिती उत्तम. मी लायसन मागितलं, तर त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला रंगीत छापील कागद काढला. वर अशोकस्तंभ, खाली क्यूआर कोड, मध्ये इंग्रजीत ‘व्हेरिफाइड’ असा हिरवा शिक्का, मुदत 2035 पर्यंत. ‘ताई, ऑनलाइन रिन्यू केलंय, बाराशे गेले. कार्ड येतंय म्हणाले.’ कधी केलं विचारलं तर म्हणाले, ‘उन्हाळ्यात.’

मी क्यूआर स्कॅन केला. पान उघडलं, तेही अगदी सरकारी दिसणारं, त्यांचं नाव, तीच तारीख, तोच हिरवा शिक्का. पण वरच्या पट्टीत पत्ता वाचला, तर त्यात ‘परिवहन’ होतं, ‘जीओव्ही’ही होतं, मात्र मध्ये आडव्या रेघा देऊन एका लांबलचक नावात गुंफलेलं, आणि शेवट होता ‘डॉट ऑनलाइन’. खऱ्या पत्त्यात, सुरुवातीचं ‘https://’ सोडून, पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ येतं. हे शेपूट सरकारी संस्थांनाच मिळतं, बाकी कुणाला विकत घेता येत नाही. म्हणून पत्ता त्या रेघेपासून मागे वाचायचा. सुरुवातीला काय लिहिलंय त्याला काही किंमत नाही, तिथे कुणीही काहीही लिहू शकतं.

मग त्यांच्यासमोरच सारथीवर त्यांचा नंबर आणि जन्मतारीख टाकली. खरं पान दिसायला रुक्ष असतं: स्थिती, ताऱ्यांनी झाकलेलं नाव, कुठल्या कार्यालयात शेवटचा व्यवहार झाला, कधीपासून कधीपर्यंत वैध, कुठल्या वर्गाची वाहनं. शिक्का नाही, फोटो नाही, अभिनंदन नाही. मुदत संपल्याची तारीख होती मार्च 2025, त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाची. 2008 साली काढलेलं लायसन, पण जुना नियम वीस वर्षं किंवा वयाची पन्नाशी, जे आधी होईल ते. त्यांना कुणी हे सांगितलंच नव्हतं. ते 2028 धरून चालले होते. मुदत संपल्याचं कळल्यावर एका दुकानात गेले, तिथल्या माणसाने बाराशे रुपये यूपीआयने घेतले आणि हा कागद दिला. आठ महिने ते त्या कागदावर लोकांच्या गाड्या चालवत होते.

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कागद पुन्हा नीट घडी घालून पिशवीत ठेवला. एवढी काळजी त्यांनी त्या खोट्या कागदाची घेतली होती, हे बघून मला फार वाईट वाटलं. त्यांची चूक काही नव्हती. त्यांना तपासायचं कुठे, हेच कुणी दाखवलं नव्हतं. आणि विनालायसन माणसाच्या हातात गाडी दिली तर कलम 180 खाली मालकही दोषी धरला जातो, त्यालाही 5000 रुपयांचा दंड आहे. माझ्याआधी ज्यांनी ज्यांनी त्यांना गाडी दिली, त्यातल्या एकानेही दोन मिनिटं काढून नंबर तपासला नव्हता.

त्या रात्री मी मुद्दाम सर्चमध्ये ‘लायसन रेकॉर्ड तपासा’ टाकलं. वरचे काही निकाल जाहिरातीचे होते. त्यातल्या एका साइटवर मी मनाने रचलेला नंबर टाकला, एमएच 99 ने सुरू होणारा. महाराष्ट्रात 99 क्रमांकाचं परिवहन कार्यालयच नाही. चाक फिरलं, ‘डेटाबेस शोधत आहे’, ‘न्यायालयीन नोंदी तपासत आहे’, आणि मग: रेकॉर्ड सापडले! बघायला 49 रुपये. दुसऱ्या साइटवर तर नुसतं नाव टाकायचं होतं. तिथे मी अक्षरं कशीही बडवली, तरीही रेकॉर्ड सापडले. ही चाचणी मला आता सगळ्यात खात्रीची वाटते. स्वतःचा नंबर कधीच टाकू नका, रचलेला टाका. खरं पोर्टल सरळ सांगतं की नोंद नाही. खोट्याला ‘नाही’ म्हणणं परवडत नाही.

आणखी एक. खरं पोर्टल तुमच्याकडे आधीच असलेली गोष्ट मागतं, नंबर आणि जन्मतारीख, आणि नुसती स्थिती बघायला पैसे घेत नाही. दुसऱ्या कुणाचं नाव टाकून त्याचा पत्ता, मोबाइल, दंड असं सगळं देतो म्हणणारी साइट एकतर खोटं बोलते आहे किंवा चोरलेली माहिती विकते आहे. दोन्हीकडे तुमचा स्वतःचा नंबर, जन्मतारीख आणि कार्डाचे तपशील त्यांच्या हाती जातात. मला 49 रुपयांची फिकीर नाही, या तिघांची आहे.

मामांची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. त्यांना व्हॉट्सॲपवर चलनाचा मेसेज, त्यांच्याच गाडीचा नंबर घालून, खाली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये थेट ॲप बसवणारी. सुदैवाने ती फोनमध्ये बसायच्या आधी मला फोन केला. ‘अगं, आरटीओचं चलन आलंय, उघडत नाहीये, काय करू?’ फोनमधल्या सेटिंगने ती अडवली होती म्हणून. अशी फाइल एकदा बसली की मेसेज वाचायची परवानगी मागते, आणि मग बँकेचे ओटीपी परस्पर जातात. कुठलंही सरकारी खातं चलन एपीकेने पाठवत नाही. एमपरिवहन घ्यायचं तर प्ले स्टोअरवरूनच, आणि खाली प्रकाशक कोण लिहिलाय ते वाचून. महाराष्ट्रातलं चलन महाट्रॅफिकच्या सरकारी साइटवर बघता येतं, गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकून. मामांच्या नावावर एकही चलन नव्हतं.

दादांच्या बाराशे रुपयांची तक्रार आम्ही सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करून आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर नोंदवली. पैसे आलेले नाहीत. फसल्यावर पहिल्या काही तासांत फोन केला तर रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. इथे कित्येक महिने गेले होते. तरी तक्रार केली, कारण ते दुकान अजून चालू आहे.

नूतनीकरणाला मात्र वेळ होता. मार्च 2026 पर्यंत चाचणीशिवाय होणार होतं. त्यांचा आधारशी जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला, त्यामुळे ओटीपी येईना. आधी आधार केंद्रात जाऊन तो बदलला, मग काही दिवसांनी अर्ज. ज्यांच्या घरात वयस्क माणसं आहेत त्यांनी हे एक काम आजच करून ठेवा, बाकी सगळं त्यावरच अडतं. तोवर गाडी माझा भाऊ चालवत होता आणि दादा शेजारी बसून रोपं उतरवून घ्यायचे. पगार तेवढाच दिला.

गेल्या आठवड्यात त्यांचं कार्ड आलं. पन्नास ते पंचावन्न वयात नूतनीकरण केलं की साठीपर्यंत मुदत मिळते, म्हणून मार्च 2035. योगायोगाने त्या खोट्या कागदावर होती तीच. कार्ड हातात घेऊन ते म्हणाले, ‘ताई, जरा तो फोन द्या.’ मग चष्मा वर करून, पत्त्याच्या शेवटच्या अक्षरांवर बोट ठेवत, त्यांनी स्वतः नंबर टाकला, जन्मतारीख टाकली, चौकोनातली वाकडी अक्षरं दोनदा चुकवून तिसऱ्यांदा बरोबर टाकली, आणि पान उघडेपर्यंत गाडीची चावी माझ्या हातातून घेतली नाही.